हत्ती गेला, शेपूट राहिले : सॉफ्टवेअर प्रकल्पाचा अखेरचा टप्पा

'यंदा गणपतीत रजा नाही, रिलीज आहे,' हे वाक्य कधी ऐकू आले नाही असे संगणक अभियंत्याचे घर पुण्या-मुंबईत विरळाच. महिनोन् महिने शिस्तीत चाललेला प्रकल्प अखेरच्या काही आठवड्यांत एकाएकी रात्री जागवू लागतो. 'काम नव्वद टक्के झाले आहे' असे उत्तर एका सोमवारच्या बैठकीत मिळते आणि पुढच्या चार सोमवारीही तेच मिळत राहते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेचे टॉम कारगिल यांनी या अनुभवाला नियमाचे विनोदी रूप दिले. पहिल्या नव्वद टक्के कामाला ठरलेल्या वेळेपैकी नव्वद टक्के वेळ लागतो आणि उरलेल्या दहा टक्के कामाला आणखी नव्वद टक्के, असा तो नियम. जॉन बेंटली यांनी १९८५ मध्ये आपल्या स्तंभातून तो सर्वदूर पोहोचवला. आपल्याकडे हीच गोष्ट हत्ती आणि त्याच्या शेपटाच्या म्हणीने फार पूर्वी सांगून ठेवली आहे.

शेपूट अडकते याची कारणे मात्र गूढ नाहीत. भिंती उभ्या राहिल्या म्हणजे घर झाले असे नव्हे. गिलावा, नळ, वीज, दारे-खिडक्या यांचा हिशेब वेगळा असतो. सॉफ्टवेअरमध्येही वेगवेगळ्या गटांनी लिहिलेले भाग पहिल्यांदा एकत्र येतात ते अखेरीस. चाचणीसाठी तयार केलेल्या नीटनेटक्या नोंदींच्या जागी खरी, वीस वर्षांची, अर्धवट भरलेली, एकाच ग्राहकाचे नाव तीन प्रकारे लिहिलेली माहिती येते. दहा जण वापरत असताना चपळ वाटणारी प्रणाली दहा हजारांच्या गर्दीत धापा टाकू लागते. शिवाय जुनी माहिती नव्या प्रणालीत नेणे, कर्मचाऱ्यांना शिकवणे, हस्तपुस्तिका लिहिणे ही कामे मुळात कुणी मोजलेलीच नसतात.

अशा वेळी व्यवस्थापनाचा पहिला उपाय बहुधा माणसे वाढवण्याचा असतो. आयबीएमच्या ओएस/३६० या प्रकल्पाची धुरा वाहिलेले फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ च्या आपल्या पुस्तकात याविषयी इशारा दिला होता. उशीर झालेल्या प्रकल्पात नवी माणसे ओतली की उशीर वाढतो. कारण नव्यांना काम समजावण्यात जुन्यांचे दिवस जातात. अर्धशतक उलटले तरी हा उपाय मोठ्या उत्साहाने योजला जातो.

अखेरच्या टप्प्याचे व्यवस्थापन हे आधीच्या कामाचाच वाढीव भाग आहे, असे समजणे ही येथील मूळ चूक. तोवर व्यवस्थापकाचे कौशल्य कामे करवून घेण्यात असते. आता ते कामे थांबवण्यात असते. काय करायचे नाही, कोणती त्रुटी तशीच ठेवायची आणि प्रसंगी सारे मागे कसे घ्यायचे, हे तीन निर्णय वेळेत झाले नाहीत तर आधीची दोन वर्षे वाया जाऊ शकतात.

तारीख आधी, काम नंतर

ब्रिटनमधील टीएसबी या बँकेचे उदाहरण यासंदर्भात अभ्यासण्याजोगे आहे. स्पेनच्या सबादेल बँकेने २०१५ मध्ये टीएसबी विकत घेतली, तेव्हा तिचा कारभार पूर्वीच्या मालक असलेल्या लॉईड्स बँकेच्या संगणक प्रणालीवर भाडे मोजून चालत होता. नवी प्रणाली बांधून सुमारे ५२ लाख ग्राहकांची खाती तिच्यावर न्यायची, असे ठरले. मुहूर्त होता नोव्हेंबर २०१७ चा. तो हुकला, फेरआखणी झाली आणि २० ते २२ एप्रिल २०१८ या शनिवार-रविवारला जोडून स्थलांतर पार पडले. माहिती सुखरूप पोहोचली, पण प्रणाली कोलमडली. सुमारे १९ लाख ग्राहकांना खात्यापर्यंत पोहोचता येईना, काहींना दुसऱ्याच कुणाच्या खात्याचा तपशील दिसू लागला. सारे पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला. मुख्य कार्यकारी अधिकारी पॉल पेस्टर सप्टेंबरमध्येच पायउतार झाले होते.

स्लॉटर अँड मे या विधी संस्थेने केलेल्या स्वतंत्र चौकशीचा अहवाल नोव्हेंबर २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील एक निष्कर्ष प्रत्येक प्रकल्प व्यवस्थापकाने वाचावा असा आहे. वेळापत्रक 'उजवीकडून डावीकडे' आखले गेले होते. म्हणजे शेवटची तारीख आधी लिहिली गेली आणि तिच्यापासून मागे मोजत कामे बसवली गेली. अशा आखणीत सुरुवातीच्या कामांना उशीर झाला की तारीख हलत नाही. जी आकुंचन पावते ती शेवटी असलेली चाचणी. पूर्वी एकामागून एक करायच्या चाचण्या मग एकाच वेळी उरकल्या जातात. प्रणाली दोन माहिती केंद्रांवर चालणार होती. पण गर्दीचा भार पेलण्याची चाचणी त्यांपैकी एकाच केंद्रावर झाली होती. दोन्ही केंद्रांची मांडणी तंतोतंत सारखी नव्हती, हे कळले ते ग्राहक आत आल्यावर.

हा दोष परदेशी बँकांपुरता नाही. मुंबई विद्यापीठाने २०१७ च्या उन्हाळी परीक्षांच्या सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय सर्व विद्याशाखांना सरसकट लागू केला. निकालाची तारीख पंचांगातल्या मुहूर्तासारखी अढळ होती. प्रणाली आणि ती वापरणारे प्राध्यापक मात्र तयार नव्हते. कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदत टळली, निकाल सप्टेंबरपर्यंत लांबले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आले. उच्च शिक्षणाचे प्रवेश ज्यांचे हुकले, त्या विद्यार्थ्यांची भरपाई कोणत्याही दुरुस्तीने होण्यासारखी नव्हती. एखाद्या छोट्या विद्याशाखेपासून आरंभ करण्याची मुभा असताना सारे एकदम करण्याचा मोह आवरत नाही, हा आपल्याकडच्या सार्वजनिक प्रकल्पांचा जुना रोग म्हणावा लागेल.

पान सोडल्यावर

वृत्तपत्राच्या कचेरीत रात्री पान छपाईला सोडले की मग कितीही चांगले शीर्षक सुचले तरी ते उद्यावर जाते. फार मोठी चूक असेल तरच पान थांबते आणि तो अधिकार रात्रपाळीच्या एकाच माणसाकडे असतो. सॉफ्टवेअरच्या परिभाषेत यालाच 'कोड फ्रीज' म्हणतात. ठरावीक दिवसानंतर नवी सोय घालायची नाही, फक्त त्रुटी दुरुस्त करायच्या. आणखी काही दिवसांनी दुरुस्त्याही परवानगीवाचून करायच्या नाहीत.

याचा सर्वांत शिस्तबद्ध नमुना लिनक्सच्या गाभ्याच्या विकासात पाहायला मिळतो. प्रत्येक नव्या आवृत्तीच्या आरंभी सुमारे दोन आठवड्यांची एक खिडकी उघडते. नव्या गोष्टी लिनस टोरवाल्ड्स यांच्याकडे त्या मुदतीतच द्यायच्या. खिडकी मिटली की पुढचे सहा-सात आठवडे केवळ दुरुस्त्या, आणि दर आठवड्याला एक परीक्षणार्थ आवृत्ती. एखादे काम खिडकीत बसले नाही तर त्याने दोन-सव्वादोन महिने थांबून पुढची गाडी पकडायची. गाडी पुन्हा येणार हे ठाऊक असल्याने धावत्या गाडीत चढण्याचा आटापिटा कमी होतो. ज्या प्रकल्पांत 'आता नाही तर कधीच नाही' अशी भीती असते, तेथे मात्र ग्राहक शेवटच्या दिवशीही 'एवढे एक बटण' मागत राहतो.

फ्रीजनंतरचा खरा कस लागतो तो त्रुटींच्या रोजच्या बैठकीत. जगात कोणतेही मोठे सॉफ्टवेअर पूर्ण निर्दोष होऊन बाहेर पडत नाही. ज्ञात दोषांसह ते बाहेर पडते. प्रश्न कोणते दोष सोबत न्यायचे, हा असतो. प्रत्येक दुरुस्ती नवी चूक घेऊन येऊ शकते, म्हणून प्रकाशनाच्या आदल्या दिवशी अहवालातील रकान्याची रुंदी सुधारणे हा शहाणपणा नव्हे. उलट पैशांची बेरीज चुकणे, एकाची माहिती दुसऱ्याला दिसणे, नोंद नाहीशी होणे हे दोष असतील तर तारीख हलवावी. हे ठरवण्यासाठी दोष किती गंभीर आहे आणि तो किती जणांना भेटणार आहे, या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजाव्या लागतात. रोज नव्याने सापडणाऱ्या त्रुटींची संख्या उतरू लागली आहे की नाही, याकडेही लक्ष हवे. शंभर त्रुटी मिटवल्या आणि तेवढ्याच नव्या सापडल्या, तर प्रकल्प अखेरच्या टप्प्यात आलेलाच नाही, मग वेळापत्रक काहीही सांगो.

रंगीत तालीम आणि परतीची वाट

नाटकाची रंगीत तालीम वेशभूषा, प्रकाशयोजना आणि संगीतासह होते. स्थलांतराचीही तशीच व्हावी लागते. खरी माहिती, खरा क्रम, घड्याळ लावून. शनिवारी रात्री जुनी प्रणाली बंद करून सोमवारी सकाळी नवी सुरू करायची असेल, तर मधल्या ३०-३५ तासांत काय केव्हा होणार आणि कोणत्या क्षणापर्यंत मागे फिरता येईल, हे कागदावर असायला हवे. तालमीसाठी उभारलेला डोलारा आठवणीने उतरवणे हाही त्याचाच भाग. लंडनच्या हीथ्रो विमानतळावरील पाचवे टर्मिनल २७ मार्च २००८ रोजी खुले झाले, तेव्हा चाचणीच्या काळात संदेश अडवण्यासाठी बसवलेली एक गाळणी प्रत्यक्ष प्रणालीत तशीच राहून गेली होती. सामानाविषयीचे संदेश पोहोचेनात, विमाने रद्द झाली आणि हजारो बॅगा साचल्या.

परतीच्या वाटेविषयीचा सर्वांत महागडा धडा नाइट कॅपिटल या अमेरिकी दलाली कंपनीला मिळाला. नवा कोड आठ सर्व्हरवर चढवायचा होता. तो सातांवरच चढला; आठव्यावर २००३ पासून न वापरलेला जुना कोड पडून होता आणि नव्या सोयीसाठी नेमकी त्याचीच जुनी खूण पुन्हा वापरलेली होती. १ ऑगस्ट २०१२ रोजी बाजार उघडताच तो जागा झाला आणि भराभर खरेदी-विक्रीचे आदेश सोडू लागला. बाजार उघडण्यापूर्वी या गडबडीचा उल्लेख करणारे ९७ ईमेल कंपनीच्या यंत्रणेने आपोआप धाडले होते. ते कुणी इशारा म्हणून वाचलेच नाहीत. घाबरलेल्या तंत्रज्ञांनी मग उरलेल्या सात सर्व्हरवरून नवा, म्हणजे योग्य कोड काढून टाकला. त्यामुळे आठही सर्व्हर बिघडले. सुमारे ४५ मिनिटांत ४० लाखांहून अधिक व्यवहार आणि ४६ कोटी डॉलरचा तोटा. कोड नीट चढला की नाही हे दुसऱ्या माणसाने तपासावे, असा लेखी नियम कंपनीत नव्हता, असे अमेरिकी रोखे नियामकाने २०१३ मध्ये १ कोटी २० लाख डॉलरचा दंड ठोठावताना नोंदवले.

मागे घेण्याचे बटण असले म्हणजे झाले, असेही नाही. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने १९ जुलै २०२४ रोजी पाठवलेली सदोष फाईल ७८ मिनिटांत मागे घेतली. पण तोवर सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर थिजले होते आणि त्यांतील बहुतेकांपाशी माणूस पाठवावा लागला. ती फाईल एकाच वेळी सर्वांना गेली होती. आधी थोड्यांना, मग काही तास थांबून आणखी काहींना, ही रीत कंपनीने त्यानंतर स्वीकारली.

सही कुणाची?

प्रणाली सुरू झाली की प्रकल्प संपला, असे कंत्राटात लिहिलेले असते. प्रत्यक्षात पहिला महिनाअखेर, पहिला तिमाही हिशेब आणि पहिली गर्दी यांतून ती पार होईपर्यंत मूळ लेखक हाताशी हवेत. आपल्या सेवा उद्योगात नेमके याच वेळी चांगले अभियंते दुसऱ्या प्रकल्पावर हलवले जातात आणि देखभालीसाठी येणाऱ्या नव्या मुलांच्या हाती अपुरी टिपणे पडतात. हस्तांतर म्हणजे एक बैठक, असा समज असल्याचा हा परिणाम. प्राप्तिकर विभागाचे नवे संकेतस्थळ ७ जून २०२१ रोजी सुरू झाल्यानंतर ऑगस्टमध्ये अर्थमंत्र्यांना इन्फोसिसच्या प्रमुखांना बोलावून १५ सप्टेंबरची मुदत द्यावी लागली होती. विवरणपत्राची तारीखही पुढे सरकली. सुरू करण्याचा दिवस आणि पूर्ण होण्याचा दिवस यांत किती अंतर असू शकते, हे तेव्हा करदात्यांनी अनुभवले.

राहिली शेवटची सही. 'सर्व सज्ज आहे' असे पुरवठादाराने लिहून दिले की ग्राहकाचा अधिकारी त्याखाली आपली मोहोर उठवतो. टीएसबीतही प्रणाली बांधणाऱ्या सबादेलच्या संगणक कंपनीकडून सज्जतेची हमी घेण्यात आली होती. ती कंपनी ज्या उप-पुरवठादारांवर विसंबून होती, त्यांची सज्जता पुरेशी तपासली गेली नाही. ब्रिटिश नियामकांनी डिसेंबर २०२२ मध्ये बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला. त्यावर प्रकरण थांबले नाही. एप्रिल २०२३ मध्ये बँकेचे तत्कालीन माहिती प्रमुख कार्लोस अबार्का यांना, पुरवठादाराच्या कामावर देखरेख ठेवण्यासाठी वाजवी पावले न उचलल्याबद्दल, ८१,६२० पौंडांचा दंड भरावा लागला. हा दंड बँकेवर नव्हे, त्यांच्यावर व्यक्तिशः होता.