चौफुलीवरची जमीन

दोन वाटा जेथे एकमेकींना छेदतात तेथे प्रथम पाणपोई उभी राहते, मग एखादे दुकान, मग आठवड्याचा बाजार. आणि बाजार स्थिरावला की त्याची पेठ होते. ही वाढ आपोआप होते असे मानण्याचा प्रघात आहे. वस्तुतः जुन्या राज्यकर्त्यांनी ती कधीच दैवावर सोडलेली नव्हती. पेशवाईत पुण्याच्या पेठा वसल्या त्या कौल देऊन वसल्या. १७३४ च्या सुमारास जिवाजीपंत खासगीवाले यांनी शुक्रवार पेठ वसवली. अशा वसाहतींत शेटे व महाजन नेमले जात, आणि नव्याने येणाऱ्या वाणी-उदम्यांना व कारागिरांना पुष्कळदा काही वर्षे जकात व कर माफ असत. धंद्याने मूळ धरले म्हणजे मग सरकार आपला वाटा मागे. सवलत आधी आणि वसुली नंतर, असा हा क्रम होता. राजाच्या शब्दावर विश्वास ठेवून घरदार उचलणाऱ्या माणसाला तो क्रम फार महत्त्वाचा वाटत असला पाहिजे.

विसाव्या शतकातील द्रुतगती मार्गाने ह्या प्रश्नाचे स्वरूपच पालटले. जुन्या सडकेवर बैलगाडी कोठूनही चढे आणि कोठेही उतरे. त्यामुळे रस्त्याचा लाभ काठावरच्या प्रत्येक गावाला थोडाथोडा मिळत असे. द्रुतगती मार्गाला दोन्ही अंगांनी कुंपण असते. वाहन चढते-उतरते ते ठराविक ठिकाणीच, आणि त्या ठिकाणांना इंटरचेंज म्हणतात. परिणाम असा, की मधल्या गावांना मार्ग असून नसल्यासारखा होतो आणि सारा लाभ थोड्या चौफुल्यांवर गोळा होतो. अमेरिकेत न्यू जर्सीतील वुडब्रिज येथे १९२९ साली चार पाकळ्यांच्या फुलासारखे वळणरस्ते असलेला इंटरचेंज बांधला गेला. पुढे त्या देशात १९५६ च्या कायद्याने महामार्गांचे जाळे विणले गेले. पेनसिल्व्हेनियातील ब्रीझवुड येथे मात्र टोलचा मार्ग व बिनटोलचा महामार्ग थेट जोडले गेले नाहीत. प्रवाशाला गावातल्या रस्त्याने, सिग्नलवर थांबत जावे लागले. त्या अडथळ्याच्या आधारावर पेट्रोलपंप आणि खानावळी यांची एक अख्खी वस्ती उभी राहिली. नियोजन नसले तर चौफुलीवर काय उगवते, याचा तो नमुना होय.

भारतात ह्या जमिनीचा विचार आधी करून ठेवण्याचा मोठा प्रयत्न हैदराबादेस झाला. तेथील १५८ किलोमीटरच्या बाह्यवळण मार्गाचा पहिला टप्पा २००८ साली खुला झाला, आणि मार्गाच्या दोन्ही बाजूंचा एकेक किलोमीटरचा पट्टा विकासक्षेत्र म्हणून आखण्यात आला. वाढ मात्र पट्ट्याने सारखी झाली नाही. गच्चीबावली, कोकापेट ही पश्चिमेची बाजू उंच इमारतींनी भरून गेली. पूर्वेची बाजू मागे राहिली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कोकापेट येथील भूखंडांच्या लिलावात एका एकराला १०० कोटी रुपयांहून अधिक बोली लागली. ती जमीन सरकारच्या हाती असल्यामुळे मार्गाने वाढवलेले मोल सरकारी तिजोरीत आले. परंतु जेथे जमीन शेतकऱ्याची असते, तेथे हे वाढीव मोल कोणाचे?

समृद्धी महामार्गाच्या आखणीत हा प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता. मुंबई व नागपूर जोडणारा हा ७०१ किलोमीटरचा मार्ग २०१५ साली जाहीर झाला. तो १० जिल्ह्यांतील ३९२ गावांतून जातो. इंटरचेंजजवळ ठिकठिकाणी नवी कृषी समृद्धी नगरे वसवावीत, तेथे गोदामे, शेतमालावरील प्रक्रियेचे कारखाने, घरे आणि शाळा असाव्यात, अशी कल्पना होती. जमिनीसाठी एकत्रीकरणाची योजना पुढे आली. जमीन द्यावी, बदल्यात जिरायतीच्या मालकाने गेलेल्या क्षेत्राच्या २५ टक्के व बागायतीच्या मालकाने ३० टक्के विकसित भूखंड नव्या नगरात घ्यावा, शिवाय दहा वर्षे वार्षिक रक्कम घ्यावी. कागदावर ही योजना न्याय्य होती, असेच म्हटले पाहिजे. पुढे भाव चढले असते तर शेतकरी त्या चढत्या मोलाचा भागीदार झाला असता.

सिन्नर, इगतपुरी, शहापूर ह्या भागांतून तिला कडाडून विरोध झाला. बायबलातील नाबोथाने वडिलार्जित द्राक्षमळा राजाला चांगल्या मोलानेही दिला नाही, त्याच जातीचा हा जिव्हाळा होता; पण केवळ तेवढाच नव्हता. कोयनेच्या धरणाखाली ज्यांची गावे गेली त्यांच्यापैकी कित्येकांचे पुनर्वसन दशके उलटूनही अपुरे राहिले होते. हातची जमीन आज द्यावयाची आणि भूखंड उद्या घ्यावयाचा, यातला ‘उद्या’ महाराष्ट्राच्या शेतकऱ्याला अपरिचित नव्हता. पेठेच्या कौलाचा क्रम येथे उलटा झाला होता.

अखेर २०१७ साली सरकारने थेट खरेदीचा मार्ग धरला आणि मोबदला पाचपटीपर्यंत नेला. रोख रक्कम समोर येताच खरेदीखते होऊ लागली. मार्ग झपाट्याने झाला. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला. मात्र या सौद्यात विकणाऱ्याचा भविष्यातील वाटा संपला. ज्याला भागीदार व्हावयाचे होते तो विक्रेता झाला, आणि त्याने ते डोळसपणे केले.

नगरांची गोष्ट मागे पडली. वैजापूर तालुक्यातील हडस पिंपळगाव आणि जांबरगाव, बुलढाणा जिल्ह्यातील सावरगाव माळ ही नावे आराखड्यांत चढली. नियोजनाचे अधिकार रस्ते विकास महामंडळाकडे गेले. नगरांची संख्या बदलत राहिली. मार्ग पुरा झाला त्या दिवशी त्यांतील एकही नगर नांदते झालेले नव्हते. ती वसवावयाची तर तेथील शेतकऱ्यांपुढे भागीदारीचाच प्रस्ताव पुन्हा मांडावा लागेल. या खेपेस मात्र मार्ग त्यांच्या बांधापाशी येऊन पोहोचलेला आहे, आणि आपल्या जमिनीचे मोल त्यांना कोणी सांगावयाची गरज उरलेली नाही.