औषधाचा वाद आणि माहुल

मनाच्या आजारावर औषध घ्यावे की घेऊ नये, या प्रश्नावर आपल्या कार्यकर्त्यांत दोन तट पडलेले मी पाहतो. एक तट म्हणतो : माणसाला वेडे करते ती ही विषम व्यवस्था. तिच्यावर इलाज करायचे सोडून माणसाला गोळी चारणे म्हणजे त्याच्या विद्रोहाला गुंगी देणे होय. दुसरा तट म्हणतो : हा मेंदूचा आजार आहे, मधुमेहासारखा. गोळी घ्या, त्यात समाजकारण आणू नका. हे दोन्ही तट अर्धेच बोलतात, असे माझे मत आहे. या अर्ध्या बोलण्याची किंमत कोण मोजतो हे समजून घ्यायचे असेल, तर या औषधांचा इतिहास माहुलसारख्या वस्तीत उभे राहून वाचला पाहिजे.

माहुल हे मुळात खाडीकाठचे कोळ्यांचे गाव. १९५४-५५ च्या सुमारास त्याच्या शेजारी दोन तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले. मागोमाग खताचा कारखाना आला, वीजकेंद्र आले, रसायनांच्या साठवणीच्या टाक्या आल्या. माहुल-आंबापाड्याचे रहिवासी हरित न्यायाधिकरणाकडे गेले आणि डिसेंबर २०१५ मध्ये न्यायाधिकरणाने मान्य केले, की येथील हवा माणसांच्या आरोग्याला धोकादायक आहे. केईएम रुग्णालयाने केलेल्या पाहणीत ६७.१ टक्के लोकांनी महिन्यातून तीनपेक्षा अधिक वेळा दम लागतो असे सांगितले होते, तर ८४.५ टक्के लोकांनी छातीत घुसमटते असे सांगितले होते. हा निवाडा झालेला असताना २०१७ पासून तानसा जलवाहिनीच्या कडेच्या झोपड्या तोडून तेथील माणसे याच माहुलात आणून टाकली गेली. त्यांच्यासाठी ७२ इमारती आणि १७,२०५ सदनिका तयारच होत्या. आलेल्यांत दलित होते, मुसलमान होते, परप्रांतांतून आलेले कष्टकरी होते. मागे राहिले ते कामाचे ठिकाण, पोरांची शाळा, उधारी देणारा वाणी आणि हाकेला ओ देणारा शेजार.

वरच्या आकड्यांत फुप्फुस आहे, मन नाही. अभ्यासवर्गाच्या निमित्ताने मी या वसाहतीत जातो. तेथे श्वासाच्या तक्रारीच्या मागोमाग दुसरी तक्रार हमखास येते, आणि ती आवाज उतरवून सांगितली जाते : झोप लागत नाही, कशात जीव लागत नाही, घरातले अमुक माणूस पूर्वीसारखे राहिले नाही. ती आवाज उतरवून का सांगितली जाते, याला इतिहास आहे.

मुंबईच्या बोलीत ‘याला ठाण्याला न्या’ असे म्हटले, की पुढे काही सांगावे लागत नाही. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ चे. नागपूरचे १८६४ चे आणि रत्नागिरीचे १८८६ चे. येरवडा धरून अशी चार सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालये महाराष्ट्रात दीर्घकाळ राहिली. त्यांच्यामागे १८५८ चा आणि नंतर १९१२ चा वेड्यांविषयीचा कायदा होता. या कायद्यांनी भटकणाऱ्या वेड्याला धरून मॅजिस्ट्रेटपुढे उभे करण्याचा अधिकार पोलिसाला दिला. ज्याला वाडा होता त्याचे वेड माडीवर झाकले गेले. ज्याचे घर रस्त्यावर होते त्याचे वेड पोलिसाच्या नोंदवहीत गेले. १९१२ चा हा कायदा बाजूला सारणारा कायदा १९८७ साली झाला आणि प्रत्यक्षात १९९३ मध्ये लागू झाला. म्हणजे स्वातंत्र्यानंतरही चाळीसहून अधिक वर्षे आपल्या मनोरुग्णांवर इंग्रजी अमलातलाच कायदा चालला.

औषधाला सरसकट नाकारणाऱ्या मित्रांनी येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. औषध येण्यापूर्वी स्वातंत्र्य नव्हते, कोठडी होती. १९५० पूर्वी उन्मादावर दोर, कुलूप आणि झोपेची औषधे होती, आणि १९३८ पासून विजेचा शॉक आला. इस्पितळाबाहेर देवऋषी होता, भगत होता, साखळी होती. ही साखळी अजून गेलेली नाही. ऑगस्ट २००१ मध्ये तामिळनाडूत एरवाडी येथे दर्ग्याच्या परिसरातील एका झोपडीवजा आश्रमाला आग लागली आणि साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. त्यांना पळता आले नाही.

आता औषधाकडे येऊ. ही औषधे मेंदूचे गूढ उलगडून कोणी घडवली नाहीत. त्यांतली बरीचशी योगायोगाने सापडली. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका क्षयरुग्णालयात नवे औषध देताना खाटेला खिळलेली माणसे उल्हसित झालेली दिसली. नैराश्यावरच्या पहिल्या औषधांपैकी एक असे क्षयाच्या वॉर्डातून निघाले. १९५७ साली स्वित्झर्लंडमध्ये रोलंड कून यांनी इमिप्रामिनचा गुण सांगितला, तेही ते दुसऱ्याच आजारावर तपासत असताना. आपल्या देशात सर्पगंधेची मुळी लोकांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होती. बिहारात तिला वेडावरचे औषध मानीत. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्यावर लिहिले, आणि १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरील तिचा गुण इंग्रजी वैद्यकपत्रिकेत मांडला. १९५२ मध्ये स्विस कंपनीने तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढले. जाणत्या गरिबांची मुळी पेटंटाच्या बाटलीत गेली, ती अशी.

पुढे रेसर्पिन घेणारे काही रुग्ण खिन्न होतात असे दिसले. त्यावरून तर्क निघाला, की मेंदूतील काही द्रव्ये कमी पडल्यानेच नैराश्य येते. त्या रुग्णांच्या खिन्नतेवरही नंतर शंका घेतल्या गेल्या, पण तोवर तर्काचा सिद्धांत झाला होता आणि सिद्धांताची जाहिरात झाली होती. २०२२ साली लंडनच्या जोआना मॉनक्रीफ आणि सहकाऱ्यांनी आजवरचे संशोधन एकत्र तपासले आणि सांगितले, की सेरोटोनिन कमी पडल्याने नैराश्य येते याला सुसंगत पुरावा नाही. आपल्यातील औषधविरोधकांना त्याने मोठा आनंद झाला. परंतु २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये ५२२ चाचण्यांचा आढावा आला होता. त्यात १,१६,४७७ रुग्ण आणि २१ औषधे होती. ही सर्व औषधे नुसत्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली, मात्र सरशी बेताचीच होती. या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत. शरीरात कुनैन कमी पडले म्हणून हिवताप येत नसे, तरी कुनैनने हिवताप उतरत असे. औषधामागचा सिद्धांत पडला म्हणजे औषधाचा गुण पडत नाही. तसेच औषधाला गुण आला म्हणजे दुःखाचे कारण मेंदूतच होते असेही सिद्ध होत नाही.

पाश्चात्त्य देशांतही हा वाद झाला. थॉमस झाझ, आर. डी. लेंग यांनी मनोविकारशास्त्राच्या सत्तेलाच आव्हान दिले. इटलीत फ्रँको बासाल्या यांच्या चळवळीमुळे १९७८ साली वेड्यांची इस्पितळे बंद करण्याचा कायदा झाला. या बंडाचे मोल मी कमी लेखीत नाही. पण आपल्याला अधिक जवळचे उदाहरण आहे ते फ्रँट्झ फॅनन यांचे. १९५३ मध्ये हा काळा डॉक्टर अल्जेरियातील ब्लिडा येथे मनोरुग्णालयात रुजू झाला. गुलामी माणसाचे मन कसे मोडते हे त्याच्याइतके कोणी जाणले होते? तरीही त्याने वॉर्डातील औषधे आणि शॉक बंद केले नाहीत. त्याने साखळ्या काढल्या, रुग्णांचे वृत्तपत्र सुरू केले, त्यांना त्यांच्या संस्कृतीतले कॉफीघर दिले, आणि १९५६ मध्ये राजीनामा देऊन तो मुक्तिलढ्यात गेला. रुग्णाला उपचार आणि समाजाला क्रांती, यांपैकी एकच निवडावे असे त्याला वाटले नाही.

आपल्याकडे मात्र तशी निवड करायला सांगितले जाते. वसाहतीतील एका बैठकीत एका तरुण कार्यकर्त्याने आवेशाने मांडले, की माहुलच्या माणसाला गोळी नको, घर हवे. टाळ्या पडल्या. तेव्हा मागे बसलेली एक बाई उभी राहिली. तिच्या मुलीला असा आजार आहे, की मन कधी उधाणते आणि कधी पार खचते. डॉक्टर त्याला बायपोलर म्हणतात. ती म्हणाली, “दादा, गोळी बंद केली तवा पोर तीन रात्री झोपली नाही. अंगावरच्या कपड्याचं भान नव्हतं तिला. तवा तुमची व्यवस्था नव्हती आली आवराया, मीच होते. घर पाहिजे, कोण नाही म्हणतं? पण गोळीबी पाहिजे. आन् गोळी देतात ते रक्त तपासा म्हणतात, त्याला माझी दोन दिसांची मजुरी जाती. त्याच्यावर बोला की कायतरी.”

त्या बाईने या वादाचा गाभाच सांगितला. तिची मुलगी घेते ती गोळी लिथियमची. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी उन्मादाच्या दहा रुग्णांना हा क्षार दिला आणि ते शांत झाले. पण त्यांच्या पहिल्याच रुग्णाचा पुढच्या वर्षी लिथियमच्या विषबाधेने मृत्यू झाला. पुढे डेन्मार्कच्या मोगेन्स शू यांनी चिकाटीने चाचण्या केल्या आणि रक्तातील प्रमाण मोजून औषध देण्याची रीत पक्की होत गेली. हे औषध स्वस्त आहे. आजार पुन्हा उलटू न देण्यात आणि आत्महत्या टाळण्यात त्याचा गुण मोठा आहे. परंतु तारक मात्रा आणि मारक मात्रा यांत अंतर थोडे आहे. म्हणून रक्तातील प्रमाण वेळोवेळी तपासावे लागते. मूत्रपिंड आणि थायरॉइडही तपासावे लागतात.

आता हीच गोळी माहुलमध्ये आणून पाहा. उन्हात राबून घाम गेला, पिण्याचे पाणी कमी पडले, गढूळ पाण्याने जुलाब लागले, तर शरीरातील पाणी आणि मीठ घटते आणि रक्तातील लिथियम वाढते. अंगदुखीवर दुकानातून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आणून खाल्ले तरी ते वाढते. मग हात जोराने थरथरतात, उलट्या होतात, तोल जातो, जीभ जड होते, आणि शेजारीपाजारी म्हणतात, पुन्हा वेड लागले. गोळी तीच, मात्रा तीच, पण पाणी आटले की तीच गोळी विष होते. क्षयाचेही असेच आहे. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावर दिले जाणारे सायक्लोसेरिन काही रुग्णांचे मन बिघडवते. तेव्हा क्षयाचा डॉक्टर आणि मनाचा डॉक्टर एकमेकांशी बोलले पाहिजेत. पाणी, हवा, मजुरी, दवाखान्याचे अंतर या गोष्टी औषधाच्या बाहेरच्या नाहीत. त्या मात्रेतच मोडतात. जो डॉक्टर समाजकारण मध्ये आणू नका म्हणतो, त्याला आपली मात्रासुद्धा नीट देता येणार नाही.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. प्रत्येक दुःखाला रोगाचे नाव देण्याची घाई नको. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली. त्यानंतर चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले. त्या मृत्यूवर एखाद्या आजाराची चिठ्ठी चिकटवणे म्हणजे गोळीबार पुसून टाकणे होय. त्याचबरोबर असा निर्वाणीचा विचार मनात घोळवणारा आपला कोणी मित्र आज आपल्यात असेल, तर त्याच्या दुःखाचा गौरव करीत बसणे हाही गुन्हाच. त्याच्याजवळ थांबले पाहिजे, त्याला बोलते केले पाहिजे, गरज असेल तर डॉक्टरकडे नेले पाहिजे. ज्याचे घर पाडले त्याची झोप उडणे हा आजार नाही. पण तेच उडालेपण महिनोन् महिने राहून अन्न, काम, जगण्याची इच्छा खाऊ लागले, तर तो आजार झाला. त्याचे कारण सामाजिक आहे म्हणून तो कमी खरा ठरत नाही.

आणि उपचार म्हणजे केवळ गोळीही नव्हे. गोव्यात विक्रम पटेल आणि ‘संगाथ’ संस्थेने दाखवून दिले, की डॉक्टर नसलेली, स्थानिक, प्रशिक्षित माणसे सरकारी आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांना चांगली मदत करू शकतात. २०१० आणि २०१७ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुण्यात बापू ट्रस्टच्या भार्गवी दावर यांनी सक्तीच्या उपचाराविरुद्ध हयातभर लढा दिला. संमतीचा त्यांचा आग्रह आपण आपला मानला पाहिजे. मात्र माहुलमध्ये सक्ती दोन प्रकारची आहे. एक, मनाविरुद्ध गोळी देण्याची. दुसरी, गोळी हवी असताना ती न मिळण्याची. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या मनोविकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचाराविना असल्याचे आढळले. ही दुसरी सक्ती आपल्या घोषणांत क्वचितच येते.

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला. कोणाच्या राजकीय, आर्थिक वा सामाजिक स्थानावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही, असे त्याचे तिसरे कलम सांगते. अठरावे कलम उपचाराचा हक्क देते आणि आवश्यक यादीतील औषधे सरकारी रुग्णालयांत मोफत मिळाली पाहिजेत असे सांगते. लिथियम त्या यादीत आहे. भूल न देता शॉक देणे आणि साखळीने बांधणे या कायद्याने निषिद्ध आहे. उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये माहुलवासीयांना अन्यत्र राहण्यासाठी दरमहा १५,००० रुपये भाडे आणि ४५,००० रुपये अनामत देण्यास सरकारला सांगितले, ते लोक रस्त्यावर बसले म्हणून. घराचा हक्क मागायला आपण शिकलो आहोत. त्याच निवेदनात आरोग्याची आणखी कलमे आली पाहिजेत : वस्तीजवळच्या दवाखान्यात आठवड्यातून एकदा मनाचा डॉक्टर, तेथेच लिथियमची रक्ततपासणी, मजुरी बुडू नये म्हणून संध्याकाळची वेळ, वस्तीतूनच निवडलेल्या बायकांना समुपदेशनाचे प्रशिक्षण, आणि रुग्णाची संमती.

ज्यांची गोळी चालू आहे त्यांना ती एकाएकी बंद करायला कोणत्याही कार्यकर्त्याने सांगू नये. शंका असेल तर त्यांच्यासोबत डॉक्टरकडे जावे आणि प्रश्न विचारावेत : कोणती गोळी, कशासाठी, किती दिवस, दुष्परिणाम काय, कमी कशी करायची? प्रश्न विचारण्याचा हक्क आपण मोठ्या लढ्याने मिळवला आहे. तो तपासणीच्या खोलीतही वापरला पाहिजे.