पॉइंटमधला कागद

* नवी पेठेतले मिस्त्री येझदी मोटारसायकलच्या पॉइंटमध्ये, म्हणजे उघडताना ठिणगी पाडणाऱ्या संपर्कात, सिगारेटचा कागद का धरतात, हे लेखकाने सांगितलेलं नाही. पण सगळी मेख तिथेच आहे. इंधन पेटून दाब तयार व्हायला क्षणभर लागतो, म्हणून पिस्टन वरच्या टोकाला पोचण्याआधीच ठिणगी पडावी लागते. येझदी २५० मध्ये ७५ मिलिमीटरच्या स्ट्रोकपैकी सुमारे ३ मिलिमीटर उरलेले असताना. क्रँक हाताने हळूहळू फिरवायचा. ओढून धरलेला कागद सैल होऊन निसटला की पॉइंट उघडला, म्हणजेच ठिणगीची वेळ झाली. मात्र आधी पॉइंटमधला गॅप लावायचा, मगच ठिणगीचं टायमिंग. गॅप वाढवला की पॉइंट लवकर उघडतो आणि लावलेलं टायमिंग बिघडतं. ठिणगी फार आधी पडली तर किक उलटी बसते, इंजिन ठोकतं, पिस्टनला भोकही पडतं. उशिरा पडली तर ओढ जाते. अतिहलक्या विमानांच्या जुन्या, पॉइंटवाल्या रोटॅक्स ५०३ इंजिनाचंही तंत्र हेच, माप सुमारे २ मिलिमीटर. तिथे सिलिंडर दोन, त्यामुळे प्रत्येकाचं टायमिंग स्वतंत्र तपासून एकमेकांशी जुळवावं लागतं. — संपा.