पुजारी, ग्रंथी, पाद्री आणि अमेरिकेचे ‘ईबी-४’ ग्रीन कार्ड

अमेरिकेतील मंदिरांत पूजाअर्चेसाठी भारतातून गेलेले पुजारी, गुरुद्वारांतील ग्रंथी आणि चर्चमधील पाद्री यांना तेथे कायम वास्तव्य करायचे असेल, तर प्रामुख्याने रोजगाराधारित ग्रीन कार्डांच्या चौथ्या प्राधान्यगटात, म्हणजे ‘ईबी-४’मध्ये, अर्ज करावा लागतो. वर्षाकाठी किमान १ लाख ४० हजार रोजगाराधारित ग्रीन कार्डे उपलब्ध असतात, त्यांतील ७.१ टक्के, म्हणजे सुमारे दहा हजार, या गटाच्या वाट्याला येतात. अर्जदाराचे पती वा पत्नी आणि मुले हीदेखील त्यातच मोजली जातात.

‘विशेष स्थलांतरित’ या नावाखाली कायद्याने एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेले लोक एकत्र आणले आहेत. धार्मिक कार्यकर्त्यांच्या बरोबरीने परदेशांतील अमेरिकी सरकारी कार्यालयांचे जुने कर्मचारी, आंतरराष्ट्रीय संघटनांचे निवृत्त अधिकारी आणि पालकांनी छळलेली किंवा टाकून दिलेली अल्पवयीन मुलेही याच गटात येतात.

‘आय-३६०’ हा अर्ज बहुधा नेमणूक करणारी ना-नफा धार्मिक संस्था करते. अर्जापूर्वी सलग दोन वर्षे संबंधित संप्रदायाचे सदस्यत्व आणि तितकाच काळ धार्मिक कामाचा अनुभव आवश्यक असतो. पुढील कामही पूर्णवेळ, आठवड्याला सरासरी किमान ३५ तासांचे हवे. प्रामुख्याने कार्यालयीन काम, साफसफाई किंवा निधीसंकलन करणारे यात बसत नाहीत. अधिकारी प्रत्यक्ष संस्थेत येऊन पाहणी करू शकतात. दीक्षित धर्मगुरूंसाठीची तरतूद कायमस्वरूपी आहे. अन्य धार्मिक कार्यकर्त्यांची तरतूद मात्र १९९० च्या कायद्यापासून मुदतीची असून, वर्षाला ५ हजारांच्या मर्यादेत अमेरिकी काँग्रेस ती वेळोवेळी वाढवत आली आहे.

खरी अडचण २०२३ मध्ये उभी राहिली. ग्वाटेमाला, होंडुरास आणि एल साल्वादोर येथील अर्जदारांची, त्यांत बहुसंख्य निराधार मुलांची, स्वतंत्र रांग बंद करून परराष्ट्र विभागाने ती सर्वसाधारण रांगेत मिसळली. तोवर भारतीय पुजाऱ्यांना फारसे थांबावे लागत नव्हते. त्या एप्रिलमध्ये रांगेची तारीख एकदम १ सप्टेंबर २०१८ वर गेली. पुढे २०२५ च्या आर्थिक वर्षातील क्रमांक फेब्रुवारीअखेरीसच संपले.

धार्मिक कार्यकर्त्यांना मिळणाऱ्या ‘आर-१’ व्हिसाची कमाल मुदत मात्र पाच वर्षांचीच आहे. ती संपली की देश सोडावा लागतो आणि पूर्वी परतण्याआधी वर्षभर बाहेर राहण्याची सक्ती होती. छोट्या मंदिरात एकच पुजारी असेल, तर त्या वर्षी नित्यपूजा कोणी करायची, हा विश्वस्तांपुढचा प्रश्न असे. जानेवारी २०२६ मध्ये अमेरिकी गृहसुरक्षा विभागाने ही वर्षाची अट काढून टाकली. देश सोडण्याचे बंधन कायम असले, तरी नवा ‘आर-१’ व्हिसा घेऊन लवकर परतता येते. ग्रीन कार्डांची संख्या मात्र या बदलाने वाढलेली नाही. ती वाढवण्याचा अधिकार काँग्रेसकडेच आहे.