मेलेल्या माणसाचा वाटा

आजचा विषय खरं तर वकिलांचा, आणि आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवले. तरी निवडला, कारण त्याच्या मुळाशी एक जुना तात्त्विक प्रश्न आहे. सामाईक मिळकतीतला एक मालक मेला, तर त्याची मालकी जाते कुठे?

विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली ती सहाव्या विक्रमादित्याच्या काळात, कल्याणला. हे ठाण्याजवळचं कल्याण नव्हे हो, बीदर जिल्ह्यातलं आजचं बसवकल्याण. त्याचं म्हणणं असं की, मुलगा जन्मतो तोच वडिलार्जित मिळकतीचा मालक म्हणून. याला जन्मस्वत्ववाद म्हणतात. बंगालचा जीमूतवाहन ‘दायभागा’त नेमकं उलट सांगतो: बापाचे स्वत्व संपल्याशिवाय मुलाचे सुरू होत नाही.

हा पंडितांचा काथ्याकूट वाटेल, पण परिणाम बघा. बंगालात भावाभावांचे हिस्से ठरलेले असत. एखादा भाऊ निपुत्रिक मेला, तर त्याचा हिस्सा विधवेकडे जाई. आपल्याकडे एकत्र कुटुंबात वाटणी होईपर्यंत कुणाचा हिस्सा असा ठरलेलाच नसे. चार सहदायाद होते, एक गेला, तर उरलेल्या तिघांचे वाटे आपोआप वाढले. हे उत्तरजीवित्व. म्हणजे मेलेल्याने मागे काही ठेवलेच नाही. मग विधवेला काय? अन्नवस्त्र. नवरा विभक्त होऊन निपुत्रिक मेला असेल, तर विज्ञानेश्वरही तिला वारस मानतो. एकत्रात मेला तर नाही. बाई तीच, शेतही तेच, फक्त वाटणी आधी झाली की नाही एवढाच फरक!

ही गाठ पहिल्यांदा सैल झाली ती 1937 साली, डॉ. देशमुखांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याने. विधवेला नवऱ्याचा हितसंबंध मिळाला, पण हयातीपुरता. मग 1956 चा हिंदू वारसा कायदा आला. त्याने उत्तरजीवित्व पूर्ण काढले नाही, पण एक युक्ती केली. मृताच्या मागे बायको, मुलगी, आई अशी स्त्री वारस असेल, तर त्याच्या मृत्यूच्या क्षणभर आधी वाटणी झाली असे मानायचे, आणि त्या मानीव वाटणीत त्याला जो हिस्सा आला असता तो वारसांत वाटायचा. जी वाटणी कधी झालीच नाही, ती झाली असे धरून हिशेब करायचा.

पण अशी कल्पना किती दूरपर्यंत खरी मानायची? सांगलीच्या न्यायालयात 1962-63 च्या सुमारास हाच प्रश्न उभा राहिला. 1960 मध्ये एक गृहस्थ वारले. मागे बायको, दोन मुलगे, तीन मुली. विधवेने दावा लावला. सर्वोच्च न्यायालयातल्या खटल्याचे शीर्षक ‘मुलगा विरुद्ध आई’ असेच आहे. नावं आपल्याला नकोत. गणित मात्र करू. बाप आणि मुलगे यांच्यात वाटणी झाली, तर आपल्याकडच्या नियमाने आईलाही एक वाटा मिळतो. म्हणजे चार वाटे, प्रत्येकी एक चतुर्थांश. बापाचा चतुर्थांश सहा वारसांत गेला, प्रत्येकी 1/24. आता आईला किती? सांगलीच्या न्यायालयाने 1/24 दिले. वाटणी केवळ मृताचा हिस्सा मोजण्यापुरती मानलेली, त्यात आईला आलेला वाटा खरा कसा धरायचा, असा विचार. मुंबई उच्च न्यायालयाने तिला 7/24 दिले, आणि 1978 मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी तेच कायम केले. एकदा वाटणी झाली असे मानले, की मध्येच ते मानणे सोडता येत नाही. तिचे सगळे परिणाम स्वीकारावे लागतात. तर्कशास्त्राच्या वर्गात आम्ही इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं दिलेलं नाही.

आता त्याच चोवीस भागांकडे पुन्हा बघा. आईला सात, मुलग्यांना सात-सात, मुलींना एक-एक. इतक्या शुद्ध तर्कातूनही सख्ख्या बहिणीला भावाच्या सातवा हिस्सा! दोष तर्काचा नव्हता, मुलगी सहदायाद नाही या गृहीतकाचा होता. महाराष्ट्राने ते 1994 मध्ये बदलले, पण 22 जून 1994 पूर्वी लग्न झालेल्या मुली वगळून. 9 सप्टेंबर 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने ही अट गेली आणि यापुढच्या मृत्यूंपुरते उत्तरजीवित्वही गेले. बाप त्या तारखेला हयात हवा का, हा घोळ मात्र ऑगस्ट 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मिटवला: नको, कारण मुलीचा हक्क जन्माने आहे. विज्ञानेश्वराचेच तत्त्व, फक्त मुलगा या शब्दाजागी अपत्य.

तलाठी कार्यालयातलं चित्र वेगळं. जुन्या सातबाऱ्यांवर थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए. कु. मॅ.’ दिसतं, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. बहिणींची नावं असलीच तर ‘इतर हक्कां’त. बाप गेल्यावर वारसनोंद होते आणि लगेच हक्कसोडपत्राचा कागद पुढे येतो. बहीण सही करते. का करते, हे विचारलं तर उत्तर बहुधा कायद्याचं नसतं. माहेर तुटेल, एवढंच ती म्हणते. तिच्या हक्काची किंमत साडीचोळीत फिटते, आणि अशा सहीला ‘राजीखुशीने’ म्हणायचं का, यावर आम्ही अजून भांडायला तयार आहोत. प्रश्न असतील ते आता घेऊ.