डागडुजी करणारा

किल्ला कोणी बांधला हे इतिहासाच्या पुस्तकात असतं. डागडुजी कोणी केली, ते सहसा नसतं. ‘गिट’ची गोष्ट अशीच आहे. प्रोग्रॅममधला प्रत्येक बदल कोणी, केव्हा केला याची नोंद ठेवणारी ही संगणकीय वही. लिनक्सच्या कामासाठी वापरात असलेल्या ‘बिटकीपर’ची फुकट सोय बंद झाली, तेव्हा एप्रिल २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी ती काही दिवसांत उभी केली. जुलैमध्ये त्यांनी ती जुनिओ हमानो यांच्या हाती सोपवली. ठिकठिकाणांहून येणाऱ्या दुरुस्त्या वाचायच्या, नवं काम आधी ‘नेक्स्ट’ शाखेत मुरू द्यायचं, मगच ‘मास्टर’मध्ये घ्यायचं, हा रतीब हमानोंनी २० वर्षं घातला. नाव टोरवाल्ड्स यांचं झालं. वही टिकली ती या रतीबामुळे.

असो. तुमच्या माहितीतले असे हमानो कोण, जरूर कळवा.