स्कझीचे सोंग

सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. संगणकाच्या अलीकडच्या इतिहासात मात्र पैशाच्या अडचणीपायीच एका यंत्राला काही वर्षे सोंग घेऊन वावरावे लागले. ते यंत्र म्हणजे सीडी रायटर. आणि हे सोंग चालले ते लिनक्सच्या दरबारात.

आधी यंत्राचा स्वभाव पाहू. कोऱ्या तबकडीत रंगद्रव्याचा पातळ थर असतो. लेझरचा किरण तो जागोजागी तापवून खुणा उमटवतो. एकदा उमटलेली खूण पुसता येत नाही. सेकंदाला सुमारे 150 किलोबाइट या मूळ वेगाने 650 मेगाबाइटची तबकडी भरायला 74 मिनिटे लागत. सुरुवातीच्या यंत्रांत एवढा वेळ मजकुराची धार अखंड राहावी लागे. मध्येच तुटली, की तबकडी वाया! तेव्हा जोडणी नीट असणे ही हौसेची बाब नव्हती.

पहिले रायटर स्कझी जोडणीचे होते. ही जोडणी उत्तम, पण महाग. घरगुती संगणकात असे ती स्वस्त आयडीई जोडणी. पुढे आयडीईचेही रायटर निघाले. गंमत अशी की, त्यांना समजणाऱ्या आज्ञा बहुतांशी स्कझीच्याच होत्या. त्या फक्त आयडीईच्या तारेवरून पाठवायच्या. म्हणजे बोली तीच, वाट निराळी. इकडे लिनक्सवर तबकडी लिहिण्याचे मुख्य साधन होते बर्लिनच्या योर्ग शिलिंग यांचे ‘सीडीरेकॉर्ड’, आणि ते बोले स्कझीच्या दारातूनच. आयडीईचा नेहमीचा ड्रायव्हर तबकडी वाचून देई. लिहिण्याच्या आज्ञा काही पुढे पोचवीत नसे.

मग करायचं काय? ‘आयडीई-स्कझी’ नावाचा ड्रायव्हर मध्ये बसवायचा. त्याने रायटरला स्कझीचा वेष चढवायचा. जानेवारी 2001 मध्ये आलेली लिनक्सची 2.4 ही आवृत्ती वापरणाऱ्याला, संगणक सुरू करून देणाऱ्या लिलो किंवा ग्रबच्या फाइलीत ‘एचडीसी=आयडीई-स्कझी’ असे शब्द घालावे लागत. एचडीसी म्हणजे दुसऱ्या तारेवरचे पहिले यंत्र. हे शब्द नसले, तर नेहमीचा ड्रायव्हर आधीच येऊन यंत्राचा ताबा घेई. ते घालून संगणक पुन्हा सुरू केला, की एचडीसीचे नाव पडे एससीडी-शून्य. सीडीरेकॉर्डला विचारले, तर तो 0,0,0 असे तीन आकडे सांगे. तोच यंत्राचा पत्ता. जुन्या नावावर विसंबलेल्या फाइली दुरुस्त करायच्या राहिल्या, तर एरवी चालणारी साधी सीडीसुद्धा उघडत नसे!

डिसेंबर 2003 मध्ये 2.6 ही आवृत्ती आली आणि सोंगाची गरज संपली. आज्ञा आता थेट एचडीसीला देता येऊ लागल्या. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचे म्हणणे, यंत्राला नावाने हाक मारावी. शिलिंग तीन आकड्यांवर ठाम होते. त्यांचा कार्यक्रम अनेक संगणकप्रणालींवर चालत असे, आणि त्यांना सर्वत्र एकच रीत हवी होती. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. पण वाद तज्ज्ञांचा आणि खोळंबा सामान्यांचा, असे व्हायचे ते झालेच. ऑगस्ट 2004 च्या 2.6.8 या आवृत्तीत सुरक्षिततेसाठी आज्ञांना चाळण लावली गेली. यंत्र नुसते वाचण्याची मुभा असलेल्या माणसालाही त्याला घातक आज्ञा देता येत होत्या, हे तिचे कारण. कारण रास्तच, पण त्या चाळणीत सामान्य वापरकर्त्याचे तबकडी लिहिणेही अडकले.

आणि शेवट पाहा. पुढे आयडीईची यंत्रे नव्या व्यवस्थेनुसार लिनक्सच्या स्कझी विभागामार्फतच चालू लागली. 2021 मध्ये 5.14 या आवृत्तीतून जुना आयडीई विभाग काढूनच टाकला गेला. आज तुम्ही लिनक्सला डीव्हीडी रायटर जोडलात, तर त्याचे नाव एसआर-शून्य, म्हणजे स्कझीच्याच घराण्यातले. उसना घेतलेला वेष असा कायमचा अंगाला चिकटला.

वाचकहो, तात्पुरती म्हणून केलेली सोय किती काळ टिकेल, हे ती करणाऱ्यालाही ठाऊक नसते. म्हणून ती करताना, जिची चूक पुसता येत नाही अशी तबकडी हाती घेऊन बसलेल्या माणसाचा विचार आधी करावा.